उतारवयातील स्वाभिमान : आपल्या बायकांचा थोडासा इतिहास



यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. दरवर्षीप्रमाणे एखादी पाककृती लिहून द्यावी, म्हणजे आपले काम झाले, असा माझा विचार होता. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात जे घडले त्यामुळे एक प्रश्न मनात घर करून बसला. बाईचे वय झाले, मुलेबाळे मार्गी लागली, हातचे काम सुटले, की तिचा स्वतःविषयीचा मान का कमी होतो? आणि तो पुन्हा उभा राहू शकतो का? या प्रश्नापायी मी वाचनालयातून जुन्या बायकांची चरित्रे आणून वाचली. त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडते. अधिकउणे असेल ते पोटात घालावे.

आपल्या सभेत हजेरीचे पुस्तक फिरते हे सर्वांना ठाऊक आहेच. ते फिरू लागले की आपल्यातल्या दोन-चार वडीलधाऱ्या बायका हळूच उठतात आणि चहाचे कप विसळायला जातात. आपण म्हणतो, किती कामसू! त्या का उठतात हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली. आमच्या सासूबाई त्यांतल्याच एक.

मामंजींच्या मागे सासूबाईंना थोडी पेन्शन मिळते. एकदा ती काढायला मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. खिडकीपाशी गर्दी होती. आतल्या माणसाने शाईचे पॅड शोधले, ते वाळलेले निघाले. तेव्हा तो सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अंगठेवाल्यांना गर्दीच्या वेळी कशाला आणता?" माणूस तरुण होता, त्रासलेला असेल. पण सासूबाईंनी येताना रिक्षात अंगठा पदराखाली धरला होता, तो घर येईपर्यंत बाहेर काढला नाही. त्या महिन्यापासून त्यांनी मंडळात येणे सोडले. विचारले तर गुडघे दुखतात म्हणत. गुडघे दुखत होते हे खरे, पण ते त्याआधीही दुखतच होते.

आता इतिहासाकडे वळते. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख सापडलेला आहे. त्यात शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. नऊशेहून अधिक वर्षे झाली, तरी दगडात कोरल्यामुळे ते नाव राहिले. त्या काळी या वालधुनी नदीवरून पाणी भरणाऱ्या, घडणाऱ्या कारागिरांना भाकरी करून घालणाऱ्या बायकाही असतीलच. त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला माहीत नाही. अक्षर ज्याच्या हाती, त्याचे नाव टिकते. बाईच्या हाती अक्षर येण्याचा इतिहास त्या मानाने फारच अलीकडचा आहे.

सावित्रीबाई फुले यांच्यापासून आपण सुरुवात करतो, ते योग्यच आहे. १८४८ साली पुण्याला भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण दोन गोष्टी आपण फारशा सांगत नाही. पहिली अशी, की १८५५ साली फुले पतिपत्नींनी दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. म्हणजे मोठेपणी शिकणे ही कल्पना आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांची आहे. दुसरी गोष्ट सावित्रीबाईंच्या उतारवयाची. १८९० साली जोतीराव गेले. तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. नवरा गेला, पोटचे मूल नाही, आता कोपऱ्यात बसावे, असे कोणीही म्हटले असते. त्या बसल्या नाहीत. सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पुढे चालविले, आणि १८९३ साली सासवडच्या परिषदेत अध्यक्षस्थानी त्या होत्या. १८९७ साली प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना त्या स्वतः प्लेगने गेल्या. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. आपल्या मंडळात सहासष्ट वर्षांच्या बाईला आपण खुर्ची देतो, गुच्छ देतो, पण काम देत नाही.

रमाबाई रानडे यांची गोष्ट घराघरांतली आहे. १८७३ साली लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकविण्यास सुरुवात केली. बाहेरच्या लोकांचा विरोध राहू द्या, घरातल्या वडील बायकांनाच ते आवडले नाही. टोमणे, अबोला, टाकून बोलणे हे सारे त्यांनी सोसले. १९०१ साली न्यायमूर्ती वारले. तेव्हा रमाबाई अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. आजवर ज्यांच्या आधाराने शिकलो ते गेले, मग पुढे काय? काही काळ त्या घरातच राहिल्या. पण मग येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, आणि १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. तेथे लहान मुलींबरोबरच संसारी बायका आणि विधवा बायकाही शिकत. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका. म्हणजे ज्या गोष्टीसाठी रमाबाईंनी स्वतः बोलणी खाल्ली, तीच त्यांनी शेकडो बायकांच्या पदरात घातली. स्वतःचा मान टिकविण्याचा हा एक मार्ग आहे : जे आपल्याला कष्टाने मिळाले ते दुसरीला द्यावे.

पण या सर्वांत माझ्या मनात घर केले ते पार्वतीबाई आठवले यांनी. त्यांचे नाव आज फार थोड्या जणींना ठाऊक असेल. मलाही नव्हते. म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० सालचा, कोकणातल्या देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न झाले, विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झाले. शिक्षण नाही. माहेरी कामाला वाहून घेणारी एक विधवा बहीण, एवढीच त्यांची घरातली ओळख होती. त्यांची बहीण गोदूबाई हीही बालविधवा. तिच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. पुढे कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. पार्वतीबाई बहिणीच्या आणि मेहुण्याच्या आधाराने पुण्याला आल्या आणि पंचविशी उलटल्यावर शिकू लागल्या. लहान मुलींच्या वयाचे धडे आपण या वयात गिरवायचे, याची त्यांना लाज वाटली नसेल का? वाटली असणारच. तरी त्या शिकल्या, आश्रमात राहून तेथल्या मुलींची व्यवस्था पाहू लागल्या, आणि आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागल्या. ज्या बाईने अशुभ मानून घेऊन घरात तोंड लपवायचे, ती सभांतून उभी राहून बोलू लागली.

त्यांनी १९१२ साली केशवपन करणे बंद केले. ही गोष्ट वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले. त्या वेळी त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, साधारण माझ्याएवढ्या. बावीस वर्षे जे मुकाट्याने सोसले ते थांबविण्याचा विचार त्यांनी केला, आणि तो कोणासाठी नव्हे, स्वतःसाठी केला. लोक काय बोलले असतील याची कल्पना आपण करू शकतो. आजही पन्नाशीच्या विधवा बाईने अबोली साडी नेसली तर जिन्यात कुजबूज होते.

पुढची गोष्ट याहून मोठी. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, पार्वतीबाई इंग्रजी शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेला निघाल्या. जवळ पैसा नव्हता. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या. चार-चौघींत आपण धुणीभांडी करणाऱ्या बाईला कमी लेखतो. पार्वतीबाईंना त्या कामात कमीपणा वाटला नाही, कारण ते काम त्या कशासाठी करीत होत्या हे त्यांना पक्के ठाऊक होते. दोन वर्षांनी, १९२० साली त्या परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. १९२८ साली त्यांनी 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. इंग्रजीसाठी ज्या बाईने परदेशी भांडी घासली, तिचीच कहाणी इंग्रजीत गेली!

लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी काहींनी वाचली असतील. त्या १८६८ साली जन्मल्या. शाळेत गेल्या नाहीत, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर नवऱ्याकडून, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याकडून. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा लक्ष्मीबाई एकावन्न वर्षांच्या. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते, ते त्यांनी पुरे केले. आणि 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने निघू लागली तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांत जड शब्द नाहीत. ओट्यावर बसून शेजारणीला सांगावे तसे सारे सांगितले आहे, स्वतःच्या फजितीसकट. मराठीतले एक श्रेष्ठ पुस्तक शाळा न पाहिलेल्या बाईने साठीनंतर आपल्या घरगुती बोलीत लिहिले. "आम्हाला कुठे लिहिता येते" असे म्हणण्याआधी आपण हे आठवावे, मीसुद्धा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अक्षर आले म्हणजेच बाईला किंमत, नाहीतर नाही, असा अर्थ कोणी काढू नये. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी म्हणत, ती घरच्या मंडळींनी उतरून ठेवली. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला आपले नाव लिहिता येत नव्हते, तिचे नाव आज मुलांच्या पदवीच्या कागदावर छापले जाते. बहिणाबाईंपाशी अक्षर नव्हते, पण आपले असे काहीतरी होते. मुख्य गोष्ट ती आहे.

हेच आपल्या गावांकडे पाहूनही कळते. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवण्यात आले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार, शेजार, भाषा, सारे मागे टाकून आलेल्या त्या माणसांत म्हाताऱ्या बायकाही होत्या. ज्या वयात सुनांवर घर सोपवायचे, त्या वयात घरच राहिले नव्हते. त्या वस्तीतल्या बायकांनी पापड लाटले, लोणची घातली आणि मुलांनी ती विकली, ही हकीगत या भागातल्या जुन्या लोकांकडून आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पापड लाटणाऱ्या आजीला घरात कोणी ओझे म्हणत नाही.

पुढे १९५९ साली १५ मार्चला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीच्या आसपास होत्या. लाटणे तर आपल्या प्रत्येकीच्या घरी आहे!

सरकारनेही वेळोवेळी प्रौढांना शिकविण्याचे प्रयत्न केले. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात शंभर बायकांपैकी जेमतेम नऊ जणी साक्षर होत्या. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. १९७८ साली २ ऑक्टोबरला देशभर प्रौढशिक्षणाचा कार्यक्रम निघाला, १९८८ साली साक्षरता अभियान आले. २०११ च्या जनगणनेत शंभरांतल्या सुमारे पासष्ट बायका साक्षर निघाल्या. सुधारणा मोठी आहे. पण राहिलेल्या पस्तीस जणींत म्हाताऱ्या बायका पुष्कळ, आणि त्यांच्याकडे पाहून "आता यांना शिकवून काय करायचे" असे म्हणायची आपल्याला सवय झालेली आहे.

ही सवय आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका खेड्याने मोडली. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडला जाता येते. त्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेथे शिवजयंतीच्या वेळी गावातल्या बायका वाचन करीत होत्या. ते ऐकत बसलेल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही असे वाचता आले असते तर! जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणे मनावर घेतले. मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेचे दिलीप दलाल यांनी पाटी, दप्तर वगैरे साहित्याला मदत केली. आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या.

या शाळेतल्या तीन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटल्या. पहिली, वेळ दुपारी दोन ते चार. म्हणजे घरची, रानातली कामे उरकून यायचे. दुसरी, सर्वांना एकच गणवेश आणि तोही गुलाबी. त्या आज्यांत विधवा पुष्कळ होत्या. त्यांच्या अंगावर हा रंग आला आणि कोणाला काही बोलायला जागा राहिली नाही, कारण तो शाळेचा गणवेश! पार्वतीबाईंना जी गोष्ट एकटीने करावी लागली, ती येथे गावाने मिळून केली. तिसरी, शिकविणारी त्याच गावची तरुण सून होती आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही होती. रमाबाईंच्या वेळी सासरच्या वडील बायका सुनेला शिकू देत नव्हत्या, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर सून सासूचा हात धरून पाटीवर अक्षर गिरविते. आपल्या बायकांचा सारा इतिहास मला या एका गोष्टीत दिसला.

त्या आज्या बँकेत अंगठा देत असत, त्या सही करू लागल्या. पुढे ती शाळा परदेशातही गाजली. पण वर्तमानपत्रात नाव येणे ही मला मोठी गोष्ट वाटत नाही. दुपारी दोन वाजता घरातून निघताना "मी शाळेत जाते" असे म्हणता येणे, ही मोठी गोष्ट. सर्वांनी ज्यांना "कुठे जाणार आता तुम्ही" म्हटले, त्यांना जायला जागा झाली.

फांगण्याची हकीगत मी सासूबाईंना वाचून दाखविली. वाटले, त्यांना हुरूप येईल. त्या म्हणाल्या, "गोवऱ्या मसणात गेल्या माझ्या, आता पाटी कुठे घेतेस?" मी आणखी आग्रह केला तेव्हा त्या रागावल्या, आणि रागात जे बोलल्या ते मला लागले. म्हणाल्या, "स्वयंपाक काढून घेतलास, बाजार काढून घेतलास, देवाची फुलंसुद्धा पोरगा आणतो. बसा म्हणता, बसले. आता बसल्या बसल्या शिकाही म्हणता!"

मी त्या रात्री विचार केला. "तुम्ही बसा हो आई, मी करते," हे मी किती वर्षे म्हणत आले होते! मनात त्यांना विश्रांती द्यावी असेच होते, आणि खरे सांगायचे तर स्वयंपाकघर आपल्या हाती यावे हेही होते. लोक मला चांगली सून म्हणत. पण एकेक काम त्यांच्या हातून काढून घेताना मी त्यांची एकेक ओळख काढून घेत होते. बँकेतल्या माणसाचा मला राग आला होता. त्याने एकदाच अपमान केला. मी तर गोड बोलून रोजच करीत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकण्याचे नाव काढले नाही. मार्चअखेर होती, मसाल्याचे दिवस. मी म्हटले, "आई, यंदाचा गोडा मसाला तुम्हीच करा. मला प्रमाण सांगा, मी लिहून घेते." त्यांनी धणे, खोबरे, दगडफूल, नागकेशर एकेक मापून सांगितले, मी वहीत लिहिले. संध्याकाळी त्या वही घेऊन माझ्या धाकट्या मुलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईने दगडफूल किती लिहिलंय ते दाखव. तिचा भरवसा नाही." मुलीने बोट ठेवून आकडा दाखविला. तो आकडा त्यांनी ओळखला, कारण भिंतीवरच्या कालनिर्णयातले आकडे त्यांना येतच होते. मग "हे खोबरं कुठलं? हे धणे कुठले?" असे सुरू झाले. धणे या शब्दातला 'ध' हे त्यांचे पहिले अक्षर. आजी-नातीची शाळा अशी सुरू झाली, ती मी काढलेली नाही.

सात-आठ महिन्यांनी त्यांना आपले नाव लिहिता येऊ लागले. अक्षर कापरे येते, रेघ वर चढते. आम्ही पुन्हा बँकेत गेलो. आधी अंगठ्याची नोंद असल्यामुळे सही बदलण्याचा अर्ज द्यावा लागला, दोन फेऱ्या झाल्या. या वेळी खिडकीवर दुसरी व्यक्ती होती, एक बाई. त्यांनी न घाईने कागद पुढे केला आणि कुठे सही करायची ते दाखविले. सासूबाईंना नाव लिहायला बराच वेळ लागला. मागे रांग होती. मी म्हणणार होते, "आई, लवकर," पण गप्प राहिले. सही झाल्यावर त्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिले आणि मग सावकाश बाजूला झाल्या.

आता त्या मंडळात येतात हे आपण पाहतच आहात. हजेरीचे पुस्तक त्या सर्वांत शेवटी मागून घेतात, म्हणजे घाई होत नाही.

केरळमध्ये कार्त्यायनी अम्मा नावाच्या आजींनी २०१८ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, साक्षरतेच्या परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळविले. २०२० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. २०२३ साली त्या वारल्या. मी हे सांगितले तेव्हा सासूबाईंनी विचारले, "दोन गुण कशात गेले?" आपल्याकडेही २०२२ ते २०२७ या वर्षांसाठी 'उल्लास' नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील कोणालाही त्यात शिकता येते आणि जवळच्या शाळेत परीक्षा देता येते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास, असे एकूण १५० गुण असतात. महाराष्ट्रात ही परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी प्रथम झाली. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्या आपल्याला तरी हे नाव परके वाटू नये.

शेवटी आपल्या मंडळासाठी तीन-चार सूचना करते. आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठ भगिनींसाठी ठेवावी. त्या दुपारी ज्यांना लिहिणे शिकायचे त्यांनी ते शिकावे, ज्यांना नको त्यांनी आपल्याला काही शिकवावे. गोधडी शिवणे, वाती वळणे, ओव्या, औषधाचे काढे, असे त्यांच्यापाशी पुष्कळ आहे. शिकलेले वापरात राहिले नाही तर विसरते, हा साक्षरतेच्या कामातला सर्वत्र आलेला अनुभव आहे, म्हणून गाडीची पाटी, बसचा फलक, वाणसामानाची यादी ही घरात त्यांनाच वाचू द्यावी. त्यांच्या पेन्शनीतले निदान थोडे पैसे त्यांच्याच बटव्यात राहावेत. आणि हजेरीचे पुस्तक फिरताना कोणी अंगठा दिला तरी मान खाली घालू नये, इतरांनीही ती घालायला लावू नये.

जुन्या बायकांची चरित्रे वाचून मला एवढेच समजले. दुसऱ्याने दिलेला मान दुसरा काढूनही घेऊ शकतो. आपल्या हातात आपले असे काहीतरी असले, मग ती पाटी असो, लाटणे असो, नाहीतर गाणे, तर स्वतःविषयीचा मान म्हातारपणीही उभा राहतो. तरुण सुनांनी करायचे ते एकच, आपल्या चांगुलपणाने ते हातातून काढून घ्यायचे नाही. मी ते काढून घेतले होते, म्हणून सांगण्याचे धाडस करते.

आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्यातल्या एखाद्या आजीने स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर छापलेला दिसो, ही ईश्वरचरणी प्रार्थना. गोड्या मसाल्याचे प्रमाण ज्यांना हवे असेल त्यांनी सासूबाईंना विचारावे. आता त्या ते लिहून देतात.